तीन दिवसांत न कळवल्यास

जगातली निम्मी यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली की चालायला लागतात. उरलेली निम्मी, कुणी मोठा माणूस शेजारी येऊन उभा राहिला की चालतात. पहिल्या निम्म्यावर संगणक-दुरुस्तीचा धंदा उभा आहे आणि दुसऱ्या निम्म्यावर मॅनेजर. (यंत्र समजून घेऊन दुरुस्त करणारी माणसंही असतात. त्यांच्याबद्दल पुढे येईल, कारण त्यांचा नंबर नेहमी पुढेच लागतो, लवकर लागत नाही.)

हे ज्ञान मला ज्या वर्षी धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मिळालं. भर लग्नात लाउडस्पीकर बंद पडला. अडीचशे माणसं जमलेली, लाउडस्पीकरवाला टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात आडवा, आणि त्याचे फक्त पाय बाहेर. तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा उठला. वय तेवीस, शिक्षण पूर्ण, नोकरी अपूर्ण. त्याने भिंतीतला प्लग ओढला, मनात दहा आकडे मोजले आणि प्लग परत खोचला. लाउडस्पीकर खाकरला आणि बोलायला लागला.

आक्काने माझा दंड धरला. "बघितलंस? नुसता हात लावला आणि झालं! ह्याला तुझ्या ऑफिसात चिकटव."

"अगं आक्का, मी शिपाई आहे तिथे."

"मग दार तूच उघडतोस ना? उघड आणि घे आत. डोळे मिटायच्या आधी मला ह्याला स्वतःच्या केबिनमध्ये बसलेला बघायचाय. दार असलेली केबिन. काचेचं असलं तरी चालेल."

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिच्यापुढे माझं लहानपणापासून चाललेलं नाही. भाचा पुढच्या महिन्यात नोकरीला लागला.

आमचं ऑफिस सात मजल्यांचं होतं आणि तिथे परवाने मिळत. कसले परवाने, हे विचारायला मला एकोणीस वर्षांत सुचलं नाही. मजल्यांवर मिळून सहाशे बारा संगणक होते आणि ते बिघडले की दुरुस्त करणारा मदत कक्ष तळघरात होता. त्या कक्षाच्या दाराशी माझं स्टूल. आत चार माणसं काम करत. त्यांतले सर्वांत जुने म्हणजे डॉक्टर. खरे डॉक्टर नव्हेत. मशीन उघडण्याआधी ते त्याच्या पाठीला कान लावत आणि डोळे मिटत, म्हणून ते नाव पडलं. त्यांच्याकडे स्वतःचा एक स्क्रू ड्रायव्हर होता. त्याच्या मुठीला त्यांच्या बायकोने जुन्या परकराची पट्टी गुंडाळून शिवली होती, हात घसरू नये म्हणून. एकदा डॉक्टरांचा हात लागलेलं मशीन पुन्हा तळघरात आलेलं मी पाहिलं नाही.

मला अक्षरं डॉक्टरांनीच शिकवली. त्या काळी तक्रारी कागदाच्या चिठ्ठ्यांवर येत आणि त्या मजल्याप्रमाणे लावण्याचं काम माझ्याकडे आलं. मला वाचता येत नसे. मी चिठ्ठ्या रंगावरून लावत होतो आणि एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या आल्या. डॉक्टरांनी ओळखलं, पण चारचौघांत काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवून एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "चला मास्तर, हे काय लिहिलंय?" वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तीन महिन्यांच्या मेहनतीनंतर, मी आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं. ते असं होतं: मशीन चालू होत नाही. दुसरं वाक्य: कालपासून चालू होत नाही. तिसरं: आता तरी या. इतर लोकांची मुळाक्षरं फळाफुलांवर होतात, माझी तक्रारींवर झाली. त्यामुळे आजही कुणी कागद पुढे केला की मी आधी विचारतो, "कुठल्या मजल्यावरून आलाय?"

पुढे कागद बंद झाले आणि सुधारणा आली. सुधारणेचा नियम असा की तक्रार संगणकावरूनच नोंदवायची. तिला क्रमांक मिळतो. क्रमांक नसेल तर बिघाड नाही, मग मशीनमधून धूर का येईना. आता, ज्याचं मशीन बंद त्याने तक्रार नोंदवायची कशी, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. आतल्यांना पडला नाही. ज्याचं मशीन बंद पडे तो शेजाऱ्याच्या मशीनवर जाऊन तक्रार नोंदवी. क्रमांक शेजाऱ्याच्या नावावर निघे. दुरुस्त करणारा येई, शेजाऱ्याचं मशीन तपासे, ते उत्तम चालत असे, आणि तक्रार बंद करी. यात सरासरी चार मिनिटं जात. जुन्या पद्धतीत अडीच तास जात होते. सुधारणा म्हणजे काय हे यावरून लक्षात यावं.

तक्रार बंद झाली की वापरणाऱ्याला प्रश्न जाई: आपली अडचण सुटली का? तीन दिवसांत न कळवल्यास आपण समाधानी आहात असे समजण्यात येईल. प्रश्न शेजाऱ्याला जाई, त्याची काही अडचण नसे म्हणून तो उत्तर देत नसे; ज्याची अडचण त्याचं मशीन बंदच असल्यामुळे त्याला तो प्रश्न दिसत नसे. समाधानाचं प्रमाण पहिल्याच वर्षी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेलं. (उरलेले दोन टक्के म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या एक बाई. त्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत. त्यांची बदली झाली.)

या वातावरणात भाचा फुलला. त्याच्याकडे पाचवा मजला होता, नव्वद मशीन. तो प्रत्येक मशीन बंद करी, दहा आकडे मोजी, चालू करी. मशीन चाले. चार दिवसांनी पुन्हा बंद पडे, पुन्हा तक्रार, पुन्हा दहा आकडे. यात त्याची काही लबाडी नव्हती, त्याला एवढंच येत होतं आणि तो ते मनापासून करत होता. डॉक्टरांकडे तिसरा मजला होता, शहाऐंशी मशीन. वर्षाअखेर हिशोब लागला. पाचवा मजला: बंद केलेल्या तक्रारी अकराशे चार. तिसरा मजला: तीन. (त्यांतली एक पंख्याची होती.)

यावरून जो निष्कर्ष निघतो तोच निघाला. भाचा राबतो आणि डॉक्टर बसून असतात.

मदत कक्षात बढती कशी मिळते हे तरुण वाचकांनी नीट समजून घ्यावं. पहिल्या पायरीवर माणूस मशीनला हात लावतो. दुसऱ्या पायरीवर तो फोनवरून दुसऱ्याला हात लावायला सांगतो. तिसऱ्या पायरीवर, फोन केला का, एवढं विचारतो. चौथ्या पायरीवर तो भिंतीवरचा रंगीत आलेख बघतो आणि "हा लाल भाग कशाचा?" असं म्हणतो. पाचव्या पायरीवर काय असतं ते मला माहीत नाही, तिथे लिफ्ट वेगळी आहे. म्हणजे जो दुरुस्तीत चांगला ठरेल त्याला हळूहळू दुरुस्तीपासून दूर नेलं जातं. आणि माणूस पहिल्या पायरीवरून वर गेला की त्याची हत्यारं भांडारात जमा करून पावती देतात. मॅनेजरच्या हातात स्क्रू ड्रायव्हर बरा दिसत नाही, असं परिपत्रकातच होतं.

भाच्याच्या नोकरीच्या सहाव्या वर्षी मॅनेजरची जागा निघाली. मुलाखतीला दोघंच, भाचा आणि डॉक्टर. मी पाणी न्यायला आत होतो म्हणून मला ठाऊक. मुलाखत घेणारे तिघे होते. मधल्या साहेबांनी विचारलं, "समजा, मुख्य संगणक बंद पडला. तुम्ही काय कराल?"

डॉक्टर एकदम पुढे सरकले. "कधी? आत्ता?"

"समजा म्हणतोय मी."

"आवाज येत होता का? घरघर की टकटक?"

"अहो, समजा..."

"टकटक असेल तर वेळ नाही साहेब," असं म्हणत डॉक्टर उठले, खिशातला स्क्रू ड्रायव्हर चाचपला आणि निघून गेले. वीस मिनिटांनी परत आले, कपाळावर घाम. "बंद नव्हता. पण पंखा अडकत होता, तो मोकळा करून आलो. बरं झालं तुम्ही सांगितलंत."

नोंद झाली: उमेदवार मुलाखत अर्धवट सोडून गेला.

भाच्याला तोच प्रश्न विचारला. त्याचे ओठ किंचित हलले. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो मनात दहा आकडे मोजत होता. मग म्हणाला, "आधी सगळ्यांना शांत राहायला सांगेन." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. असा माणूस ते कित्येक वर्षं शोधत होते.

केबिन मिळाली, काचेच्या दाराची. आक्काला मी स्वतः घेऊन गेलो. तिने खुर्चीकडे पाहिलं नाही, टेबलाकडे पाहिलं नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "लाव बघू." भाच्याने लावलं. "उघड." उघडलं. "पुन्हा लाव." तीनदा झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता तू जरा बाहेर उभा राहा. कुणी आलं की थांबव. दार कशाला असतं मग?"

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. पुढच्या महिन्यात भाच्याच्या टेबलावर यादी आली. ज्यांच्याकडे काम नाही त्यांना कमी करायचं, आणि आकडा यंत्रातूनच काढायचा. यादीत एकच नाव होतं. डॉक्टरांच्या निवृत्तीला दोन वर्षं चार महिने राहिले होते.

"मामा, मी काय करू?" भाचा दार लावून म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "आकडा माझा नाही. आकडा यंत्र देतं. तीन! अहो, त्यांनी वर्षात तीनच तक्रारी बंद केल्यात."

"तीनच आल्या रे."

"तेच लिहून पाठवलं वर. वरून उत्तर आलं, मग माणूस कशाला हवा?"

मी डॉक्टरांना सांगितलं. ते एक उघडं मशीन पुढे घेऊन बसले होते. वर न पाहता म्हणाले, "मास्तर, घरी बसायला माझी ना नाही. पण घरी मी उघडू काय? एक रेडिओ आहे, तो मी चौदा वेळा उघडलाय. बायको म्हणते, आता त्याला तरी सोडा."

त्या दिवशी मी ठरवलं. मला वाचता येत होतं, लिहिता येत होतं. ज्या माणसाने ते शिकवलं त्याच्यासाठी ते वापरायचं नाही तर काय वर्तमानपत्रातली कोडी सोडवायची?

तिसऱ्या मजल्यावरचे लोक चहाला गेले की मशीन चालूच ठेवून जात. मी फायली घेऊन वर जायचो, कुणाच्याही खुर्चीत बसायचो आणि एका बोटाने लिहायचो: मशीन चालू होत नाही. पहिल्या तक्रारीला अकरा मिनिटं लागली. महिन्याभरात मी चार मिनिटांवर आलो. यात मी काही खोटं केलं असं मला वाटत नाही. तक्रार ज्या मशीनवरून येते ते मशीन चालू असतं, हा आमच्या ऑफिसचा नियमच होता. माझ्या तक्रारी बाकीच्यांसारख्याच होत्या, फक्त शुद्धलेखन थोडं वेगळं.

डॉक्टर धावत वर जात. चालू मशीनच्या पाठीला कान लावत. "ठीक वाटतंय," म्हणत, पण आलोच आहोत म्हणून उघडून आतली धूळ काढत, आणि तक्रार बंद करत. पंधरा दिवसांनी त्यांनी मला एका कोपऱ्यात गाठलं.

"मास्तर, तिसऱ्या मजल्यावरचे सगळे लोक अचानक एकसारखंच लिहायला लागलेत."

"असं का?"

"'चालू' मधला ल प्रत्येकाने मी शिकवला तसाच काढल्यासारखं वाटतं." टंकलेल्या अक्षरात ल ओळखण्यासारखं काही नव्हतं. ते फक्त माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अधूनमधून 'आता तरी या' असंही लिहीत जा. खरं वाटतं."

वर्षाअखेर तिसरा मजला: बाराशे सात. पाचव्या मजल्याला मागे टाकलं. डॉक्टरांचं नाव यादीतून गेलं. भाच्याने पेढे... नाही, पेढे नव्हते, भाच्याने सगळ्यांना चहा पाजला. मी स्टुलावर बसून फुरफुर आवाज करत प्यायलो. एवढा आनंद मला माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

आणि इथे माझी चूक झाली. इतकी वर्षं त्या दाराशी बसून मला ती कळायला हवी होती. आकडा कमी असला की माणसाला घरी पाठवतात हे मी लक्षात ठेवलं, जास्त असला की काय करतात हे विसरलो. बाराशे सात हा आकडा ऑफिसच्या इतिहासात कुणी गाठला नव्हता. वरून पत्र आलं: इतक्या गुणी माणसाला मशीन उघडत बसवणे हे संस्थेचे नुकसान आहे.

डॉक्टरांना मॅनेजर केलं.

भांडारपाल स्वतः खाली आला. डॉक्टर म्हणाले, "हा माझा घरचा आहे." भांडारपाल म्हणाला, "साहेब, घरचा की ऑफिसचा असं फॉर्मवर खानाच नाही." त्याने त्यांना लगेच साहेब म्हटलं होतं. मुठीवरची पट्टी पाहून त्याने फॉर्मवर लिहिलं: स्क्रू ड्रायव्हर एक, कापड थोडे. पावती दिली.

डॉक्टरांची केबिन भाच्याच्या केबिनला लागून होती. पहिला आठवडा ते टेबलावर दोन्ही हात पसरून बसले. मी चहा नेला की विचारत, "मास्तर, लिफ्टचा आवाज बदललाय का?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भिंतीवरच्या आलेखाला कान लावल्याचं मी पाहिलं. मी कुणाला सांगितलं नाही. त्यांना त्या खुर्चीत मीच बसवलं होतं.

आठवा दिवस की नववा, भाचा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. हात पाठीमागे.

"मामा, भांडारात काय काय आहे ते मोजायला गेलो होतो मी. मॅनेजरला जाता येतं."

"बरं."

"एक गोष्ट कमी भरली." त्याने हात पुढे केला. परकराची पट्टी मी लगेच ओळखली.

त्या दिवसापासून रोज दुपारी तीन ते पाच दोन्ही मॅनेजरांची बैठक सुरू झाली. काचेला आतून कागद लावला, दारावर पाटी: बैठक चालू आहे, कृपया थांबावे. दाराशी मी. खोक्यात लपवून मशीन आत जाई आणि बरं होऊन बाहेर येई. एकदा चहा द्यायला आत गेलो तर दोघं साहेब जमिनीवर पालथे. डॉक्टर म्हणत होते, "बंद करून चालू करू नकोस रे! आधी ऐक. कान लाव. काय म्हणतंय?"

"काहीच नाही म्हणत."

"नीट ऐक. तुझी आई बोलते तसं बोलतंय. एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा."

भाचा ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पंखा?"

"शाब्बास."

भाच्याला सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं, तेही मॅनेजर झाल्यावर. वर्षभरात सातही मजल्यांची मशीन ठीक झाली. सहाशे बारा. तक्रारी आल्या नाहीत. आणि तुम्ही ओळखलं असेल, वरून पत्र आलं: तक्रारी नसतील तर मदत कक्ष कशाला?

मग काय. मी स्टूल सोडलं आणि फायली घेऊन वर गेलो. या वेळी सातही मजले. त्या वर्षी आमच्या ऑफिसात एकही मशीन बंद पडलं नाही आणि तीन हजार चारशे तक्रारी आल्या. सगळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. समाधान शंभर टक्के. मदत कक्षाला ढाल मिळाली, ती अजून भाच्याच्या केबिनमध्ये आहे. आक्का आली की ती ढाल पुसते आणि मला सांगते, "बघ, ह्याने नुसता हात लावला होता."

डॉक्टर आणि मी एकाच महिन्यात निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आयुष्यातली एकमेव तक्रार नोंदवली. "माझा स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे, पण कागदावर भांडारात आहे. कागदावरही माझ्याकडे यावा." मी म्हटलं, "डॉक्टर, खिशात आहे ना? मग जाऊ द्या." ते म्हणाले, "मास्तर, चोरीचा माल घेऊन निवृत्त होऊ? माझाच असला तरी?" तक्रारीला क्रमांक मिळाला आणि ती अकरा महिने विचाराधीन राहिली. त्या अकरा महिन्यांत त्यांनी तो रेडिओ आणखी सहा वेळा उघडला आणि आमच्या गल्लीतली सगळी घड्याळं एका वेळेवर आणली.

एका शुक्रवारी त्यांना प्रश्न गेला: आपली अडचण सुटली का? तीन दिवसांत न कळवल्यास आपण समाधानी आहात असे समजण्यात येईल. सोमवारी तक्रार बंद झाली: वापरकर्ता समाधानी. भाच्याने मला ते वाचून दाखवायला फोन केला, पण त्याला वाचवेना. मी म्हटलं, "राहू दे, त्यात चुकीचं काही नाही." स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याबरोबर होता, बायकोने तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच राहू दिला होता.

आता मी घरी असतो आणि आमच्या ऑफिसातल्या तक्रारी कोण लिहितं ते मला माहीत नाही, पण येतात म्हणे पुष्कळ. हे लिखाणही कुठल्या तरी मजल्यावर पोचेल. वाचून तुमची काही अडचण सुटली का? न सुटल्यास तीन दिवसांत कळवा, नाहीतर मी तुम्हाला समाधानी धरेन. तुम्ही कळवणार नाही. आजवर जिथे जिथे हा प्रश्न आला तिथे तुम्ही गप्प बसलात, आणि तेवढ्यावर कितीतरी केबिनी उभ्या आहेत. डॉक्टरांनी मात्र कळवलं असतं. त्यांना प्रश्न गेला चौदा मार्चला, शुक्रवारी. ते बारा मार्चला, बुधवारी दुपारी पावणेतीनला गेले.